नाकासमोर

पोर्टलंडहून पूर्वेला निघालं की अर्ध्या-पाऊण तासात कोलंबिया नदीचं खोरं लागतं. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला उभे काळे कडे. हे कडे बघून सह्याद्री न आठवणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि त्यात नवल काही नाही. दोन्हीकडचा दगड एकच, लाव्हाचे थरावर थर साचून झालेला बेसॉल्ट. फरक आहे तो वाऱ्याचा. कॅस्केड पर्वताची भिंत या नदीने जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत फोडली आहे, त्यामुळे डोंगराच्या अलीकडची आणि पलीकडची हवा याच फटीतून ये-जा करते. पुढे हूड रिव्हर नावाचं गाव आहे, तिथे तर शिडाच्या फळ्या घेऊन लोक मुद्दाम वारा खायला येतात. आम्ही मात्र वारा खायला आलो नव्हतो. आम्हाला वारा खात होता.

एप्रिलमधली गोष्ट. मी काकांच्या जुन्या कॅम्परव्हॅनमध्ये मागच्या बाकावर बसले होते. शेजारी चिवड्याचा स्टीलचा डबा. डावीकडून मोठा ट्रक आला की आधी त्याची हवा आमच्या गाडीला उजवीकडे ढकलायची आणि डबा सर्रकन डावीकडे जायचा. ट्रक पुढे सरकला की गाडी त्याच्याकडे ओढली जायची आणि डबा परत माझ्याकडे. ओरेगनमध्ये एका ट्रकमागे तीन-तीन डबे जोडायला परवानगी आहे. तसला एखादा गेला की चिवड्याच्या डब्याच्या तीन फेऱ्या व्हायच्या. काका स्टेअरिंग सतत थोडं इकडे, थोडं तिकडे करत होते, पाळण्याची दोरी हातात असल्यासारखे. कॅस्केड लॉक्सपाशी ‘ब्रिज ऑफ द गॉड्स’ हा १९२६ सालचा लोखंडी पूल आहे. त्याचा रस्ता म्हणजे पोलादी जाळी, खाली बघितलं तर नदी दिसते. त्या जाळीवर चाकं गेली आणि गाडी चक्क वळवळायला लागली.

“साताऱ्याला मामांच्या बैलगाडीतसुद्धा इतकं हललं नव्हतं,” काकू पुढून म्हणाल्या.

“बैलगाडीला दोनच चाकं असतात. भांडायला दुसरी जोडी नसते,” काका म्हणाले.

आदल्याच आठवड्यात संपादकांचा फोन येऊन गेला होता. यंदाच्या अंकाचा विषय ‘चाक’. कुंभार, रहाट, चरखा हे सगळं तिकडच्या लोकांत वाटून झालं होतं. “तुम्ही तिकडचं काहीतरी बघा,” म्हणाले. काकांचं ते वाक्य ऐकलं आणि ठरवलं, भांडणाऱ्या चार चाकांच्या मागे लागायचं.

मॅटाडोरची मावसबहीण

काका हिल्सबरोच्या एका चिप कारखान्यातून निवृत्त झाले. नाव गाळते आहे, कारण पोर्टलंडच्या मराठी मंडळींत ते सगळ्यांचेच काका आहेत. गाडी १९८७ सालची फोक्सवॅगन व्हॅनेगन, वेस्टफालिया बांधणीची. व्हॅन आणि वॅगन ही दोन नावं एकत्र करून केलेलं हे नाव अमेरिकेतलं. इथे ती १९८० ते १९९१ या मॉडेलवर्षांत विकली गेली. तिची आजी म्हणजे हिप्पींची म्हणून जगप्रसिद्ध झालेली गोल डोळ्यांची बस. बेन पॉन नावाच्या डच मोटारविक्रेत्याने १९४७ साली वहीच्या पानावर एक खोकं काढलं, खोक्याला चाकं काढली, आणि मार्च १९५० मध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं. वर्षभरात जर्मनीतल्या वेस्टफालिया या गाडीबांधणीच्या कारखान्याने त्या खोक्यात पलंग आणि कपाट बसवायला घेतलं.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांनी मॅटाडोर आठवावी. अकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर, जिच्यातून एकेकाळी महाराष्ट्रातली अर्धी वऱ्हाडं गेली. तेच चपटं नाक, ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसलेला. हे साम्य अगदीच वरवरचं नाही. मूळ जर्मन टेम्पो मॅटाडोर १९४९ साली आली तेव्हा तिच्यात फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. घराणं एक म्हणता येणार नाही, पण माहेर एका गावचं.

काकांच्या गाडीत इंजिन पार मागे, मागच्या बाकाच्याही मागे. ताकद ९५ अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे आजच्या एखाद्या छोट्या मोटारीइतकी. तिने ओढायचं काय, तर घर: फ्रीज, दोन शेगड्या, बेसिन, सुमारे ५० लिटर पाण्याची टाकी, गॅस, वर उचलायचं छप्पर, दोन पलंग. शिवाय काकूंचा कुकर, पोळपाट, मिसळणाचा डबा. स्वयंपाकघराचं कपाट सगळं डाव्या अंगाला, ड्रायव्हरच्या पाठीमागे. ड्रायव्हरही डावीकडेच. गाडी समोरून बघितली तर डावा खांदा किंचित पडलेला दिसतो, वर्षानुवर्षं एकाच खांद्याला पिशवी अडकवणाऱ्या माणसासारखा.

गुण्या, ओळंबा आणि सायकल

सरळ जायचं तर चाकं सरळ हवीत, असं मला वाटायचं. काकांनी ते आधी मोडून काढलं. चारी चाकं भूमितीतल्यासारखी सरळ लावली तर गाडी सरळ जात नाही. ती नीट जावी म्हणून चाकं हिशेबाने थोडी वाकडी लावावी लागतात. अलाइनमेंट म्हणजे हा वाकडेपणा मोजून देणं.

वाकडेपणा तीन प्रकारचा. पहिला कळायला सोपा: गवंड्याचा ओळंबा घ्या, चाकासमोर धरा. चाकाचं डोकं आत झुकलंय की बाहेर? हा कॅम्बर. दुसरा वरून बघायचा: काही माणसं चालताना पावलं आत वळवतात, काही बाहेर फेकतात, पुढच्या दोन चाकांची तशी चाल म्हणजे टो. व्हॅनेगनची पुढची चाकं उभ्या गाडीत किंचित आत वळवून ठेवतात, कारण मागची चाकं गाडी ढकलायला लागली की पुढची चाकं रस्त्याच्या घर्षणाने मागे रेटली जातात, रबरी बुश दबतात आणि पावलं उघडतात. चालू गाडीत ती सरळ यावीत म्हणून उभ्या गाडीत आत.

तिसरा, कास्टर, मला दोनदा समजावून घ्यावा लागला. शेवटी काकांनी गॅरेजमधून नातवाची सायकल आणली. “हात सोडून चालवायचीस ना लहानपणी? का चालायची?” सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो. त्या तिरक्या दांड्याची रेघ जमिनीपर्यंत वाढवली तर चाक जिथे टेकतं त्याच्या पुढे जाऊन पडते. म्हणजे चाक त्या रेघेच्या मागून फरफटत येतं आणि फरफटणारी वस्तू आपोआप ओढीच्या दिशेला येते. मोटारीतही तेच. व्हॅनेगनला हा तिरकेपणा भरपूर दिलेला आहे, सात अंशांहून जास्त. त्याच्यामुळेच वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून मधोमध येतं. डाव्या-उजव्या चाकांत हा कोन वेगळा झाला तर गाडी कमी कोनाच्या बाजूला ओढते. पुण्यातला मेकॅनिक “गाडी खेचतेय” म्हणतो ते बरेचदा हेच असतं. बरेचदा म्हणतेय, कारण टायरमधली हवा कमी असली तरी गाडी खेचते, आणि बिचाऱ्या अलाइनमेंटवर आळ येतो.

माणसाला हा प्रश्न मोटारीच्या कितीतरी आधी पडला होता. चारचाकी घोडागाडी वळते तेव्हा आतल्या चाकाला लहान वर्तुळ फिरायचं असतं, बाहेरच्याला मोठं. दोन्ही सारखीच वळवली तर एक फरफटतं. १८१७ साली म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनस्पेर्गर या गाडीकाराने चाकं वेगवेगळ्या कोनांत वळतील अशी जोडणी केली. पुढल्या वर्षी त्याचा लंडनमधला प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमन याने तिचं पेटंट घेतलं. आजही जगभर ती जोडणी आकरमनच्या नावाने ओळखली जाते. लांकेनस्पेर्गरचं नाव कुठल्या गॅरेजात कोणी घेत असेल असं वाटत नाही.

टो थोडा चुकला तर काय बिघडतं, याचा हिशेब मी कागदावर केला. टायरचा व्यास ६५ सेंटिमीटर धरा आणि दोन्ही चाकं मिळून फक्त तीन मिलिमीटर जास्त आत आहेत असं धरा. प्रत्येक किलोमीटरला ती जोडी साडेचार मीटरच्या वर आडवी घासली जाते. पोर्टलंडहून हूड रिव्हर साधारण शंभर किलोमीटर. म्हणजे आम्ही चिवडा खात जात होतो तेवढ्यात टायरांनी जवळपास अर्धा किलोमीटर आडवा प्रवास केला असता.

वाळूच्या पिशव्या

काकांनी आदल्या वर्षीच अलाइनमेंट करून घेतलं होतं. कागदही होता, सगळे आकडे हिरवे. कुठल्या दुकानातून ते सांगण्यात अर्थ नाही. असं काम सगळीकडे मिळतं. इथल्या मेकॅनिकांमध्ये त्याला ‘टो अँड गो’ म्हणतात. सोपा असलेला टो तेवढा जुळवायचा, बाकीच्या गंजलेल्या बोल्टना हात लावायचा नाही आणि पैसे पूर्ण घ्यायचे.

या वेळी आम्ही पोर्टलंडच्या आग्नेय भागातल्या एका जुन्या वर्कशॉपमध्ये गेलो. मालक साठीचा, दाढी पांढरी, बोलणं कमी. त्याने गाडी यंत्रावर घेतलीच नाही. आधी नुसता गाडीभोवती फिरला. मग माझा हात धरून पुढच्या टायरवर ठेवला आणि आडवा फिरवायला लावला. एका दिशेने रबर मऊ लागलं, उलट फिरवलं तर खरखरीत, करवतीच्या बारीक दातांसारखं. “टो,” एवढंच म्हणाला. नजरेला ते टायर बरं दिसत होतं.

मग गाडी वर उचलून पहारीने एकेक सांधा हलवून बघितला. बॉल जॉइंट ठीक. पण चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याला, म्हणजे आर्मला, पुढून धरून ठेवणारी जी सळई असते, तिचं रबरी बुश फाटून पोह्यासारखं झालं होतं. कास्टर या सळईच्या नटांवर जुळवतात. बुशच गेलं असेल तर उभ्या गाडीत आकडा कितीही अचूक लावा, ब्रेक दाबला की आर्म मागे सरकणार आणि कोन बदलणार. म्हणजे मागच्या वर्षीचा हिरवा कागद तेवढ्यापुरता खराही असेल. गाडी उभी होती तोवर.

बुश यायला चार दिवस गेले. पुन्हा गेलो तेव्हा काका ‘बेंटली’ घेऊन आले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या बेंटली पब्लिशर्सचं व्हॅनेगन दुरुस्तीचं हे जाडजूड पुस्तक इथल्या गाडीमालकांची पोथी आहे. काकांच्या पोथीच्या पानांना ग्रीसचे अंगठे लागलेले आहेत आणि काकूंनी तिला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलंय. मालकाने पुस्तकाकडे बघून मान हलवली, पण ते उघडलं नाही. आकडे त्याला पाठ होते.

यंत्र सेंट लुईसजवळच्या हंटर कंपनीचं. चारही चाकांना खुणांच्या पाट्या चिकटवलेल्या, समोरून कॅमेरे त्यांच्याकडे बघतात, पडद्यावर चाकं उमटतात: जमलेलं हिरवं, बिघडलेलं लाल. पुढची चाकं फिरत्या ताटल्यांवर. स्टेअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवलं की यंत्र कास्टर काढतं. हा कोन नुसता बघून मोजता येत नाही, चाक वळवल्यावर कॅम्बर किती बदलतो त्यावरून तो निघतो. सगळं संगणकाचं. आणि मग मालकाने कोपऱ्यातून वाळूच्या पिशव्या आणून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवल्या.

“वजन किती तुमचं?” त्याने काकांना विचारलं. काकांनी सांगितलं. काकू म्हणाल्या, “ते दिवाळीपूर्वीचं सांगतायत.” आणखी एक छोटी पिशवी पडली.

घर भरलेलं असताना, माणसं बसलेली असताना गाडी जशी बसते, तशीच मोजायची हा त्याचा आग्रह. पाण्याची टाकी त्याने भरून आणायला सांगितली होती. स्प्रिंग दबली की आर्मचे कोन बदलतात, आणि त्यांच्याबरोबर कॅम्बर आणि टोही. रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट हे रिकाम्या गाडीसाठीच असतं, पण कॅम्परव्हॅन रिकामी फिरते कधी?

पडदा लाल झाला. दोन बाजूंच्या कास्टरमध्ये दीड अंशाचा फरक. त्याहून मोठी गोष्ट मागे निघाली. मागचं उजवं चाक किंचित बाहेर वळलेलं होतं. मागची जोडी गाडीला जरा तिरकी ढकलत होती आणि काका पुढून ती चूक हातांनी दुरुस्त करत होते, गेली कित्येक वर्षं. रस्त्यावरचं कुत्रं कधीकधी शेपूट एका अंगाला ठेवून तिरकं पळतं, तशी गाडी चालली होती. व्हॅनेगनच्या मागच्या आर्मच्या कंसांत लांबट भोकं असतात, बोल्ट सैल करून चाक जागेवर आणता येतं. पण बोल्ट सदतीस-अडतीस वर्षांचे. ज्योत, तेल, लांब पान्हा आणि शिव्या, सगळं वापरून झाल्यावर तिसऱ्या तासाला पहिला बोल्ट हलला. पुढच्या कामात एक बारीक गोष्ट केली तीही लिहून ठेवते. इथले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून उजव्या कडेला उतरते असतात, म्हणून त्याने डावं चाक उजव्याशी अगदी तंतोतंत न जुळवता पाव अंशाचा फरक मुद्दाम ठेवला.

काट्यावर

टायर कोणते घ्यायचे यावर काका-काकूंत महिनाभर चर्चा सुरू होती. मालकाने ती एका प्रश्नात संपवली: “गाडीचं वजन किती?” काकांनी पुस्तकातलं सांगितलं. “पुस्तकातल्या गाडीचं नको, तुमच्या गाडीचं सांगा.”

हायवेवरच्या ट्रकथांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. ट्रकवाले तिथे एकेका अक्षाचं वजन करून घेतात आणि कॅम्परवाल्यांनाही कोणी अडवत नाही. दोन भल्यामोठ्या ट्रकांच्या मधे आमचं चपटं नाक उभं राहिलं. स्पीकरवरून बाईने गाडीचा नंबर विचारला, काकांनी व्हॅनेगन म्हणून सांगितलं, पलीकडून हसू आलं. चिठ्ठी मिळाली: पुढचा अक्ष २,४८० पौंड, मागचा २,६४०. किलोत ११२५ आणि ११९८. मागच्या प्रत्येक चाकावर सरासरी सहाशे किलो, आणि डाव्या अंगाला स्वयंपाकघर आहे म्हणजे डाव्यावर त्याहूनही जास्त.

मग काका खाली वाकून जुन्या टायरच्या कडेवरचं वाचायला लागले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

टायरच्या अंगावरचं पंचांग

टायरच्या कडेवर सगळं लिहिलेलं असतं, वाचणारा हवा. जुन्या टायरवर होतं १८५/७० आर १४ ८८. रुंदी १८५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या सत्तर टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १४ इंची. आणि शेवटचा ८८ म्हणजे भार-निर्देशांक. तक्त्यात ८८ समोर ५६० किलो. त्यातही हे मोटारीचं टायर व्हॅनला लावलं तर अमेरिकेतल्या नियमाने ती क्षमता १.१ ने भागायची. उरले ५०९. त्यावर आम्ही सहाशे ठेवून महामार्गावर फिरत होतो. कधीतरी कुठल्यातरी दुकानाने “मापात बसतंय” म्हणून विकलेले टायर ते. रिमच्या मापात बसत होते, हे खरंच.

मूळ गाडीला कंपनीने दिलेल्या मापांपैकी एक १८५ आर १४, आणि त्याच मापाचं ‘सी’ जातीचं, म्हणजे मालवाहू व्हॅनचं टायर मिळतं. कडेवर १०२/१०० लिहिलेलं: एका चाकाला ८५० किलो. तीच रुंदी, तेच रिम, दीडपट भार. फरक कडेच्या भिंतीत आहे. मोटारीच्या टायरची भिंत मऊ, खड्डा खाऊन टाकणारी. उंच, जड गाडीखाली तीच भिंत वाऱ्यात इकडेतिकडे झुलते. खोऱ्यातली आमची निम्मी वळवळ तीच होती. सी टायरवर ‘८ प्लाय’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे ट्रकवाला अजून “सोळा प्लायचा आहे” असं छाती फुगवून सांगतो. आता आत तेवढे थर नसतात. जुन्या काळच्या तेवढ्या थरांइतकी ताकद, एवढाच त्याचा अर्थ उरलाय.

आणखी एक गोष्ट काकांच्या उशिरा लक्षात आली. जुने टायर उंचीने लहान असल्याने स्पीडोमीटर ६० मैल दाखवायचा तेव्हा गाडी ५७ च्या आसपास असायची. “म्हणजे इतकी वर्षं लोक हॉर्न का मारत होते ते कळलं,” काकू म्हणाल्या.

पण १४ इंची सी टायर अमेरिकेत शोधणं म्हणजे तुळशीबागेत बर्फाचे बूट शोधणं. इथल्या नव्या व्हॅनची चाकं मोठी झाली, लहान रिमच्या टायरांचे पर्याय आटत गेले. त्यामुळे पुष्कळ व्हॅनेगनवाले १५ किंवा १६ इंची रिम बसवतात. नट-भोकांची मांडणी, ११२ मिलिमीटर वर्तुळावर पाच, मर्सिडीजशी जुळते, म्हणून भंगारातल्या मर्सिडीजची अ‍ॅल्युमिनियमची चाकं या गाड्यांवर सर्रास दिसतात. दिसायला झोकदार. काकांनी नाही म्हटलं. चाक मोठं झालं की जणू गिअर उंच होतो, आणि ९५ अश्वशक्तीत माउंट हूडचा चढ आधीच दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा. मला त्यांचं पटलं. पण पुढच्या दहा वर्षांत त्यांना मर्सिडीजच्या दारात जावंच लागेल, असंही मला वाटतं.

टायर घ्यायला गेलो ते दुकान म्हणजे वायव्य अमेरिकेतला टायरांचा संस्कारच म्हणा ना. लेस श्वाब नावाच्या गृहस्थाने १९५२ साली ओरेगनमधल्या प्राइनव्हिल या छोट्या गावात टायरचं दुकान घेतलं आणि मरेपर्यंत, म्हणजे २००७ पर्यंत, त्याची शेकडो दुकानं केली. कित्येक वर्षं फेब्रुवारीत टायर घेणाऱ्याला तिथे बीफ फुकट मिळायचं. साताऱ्याहून नव्याने आलेल्या काकूंना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांनी टायर मार्चमध्ये घ्यायचे ठरवले होते म्हणे. काका अजून ही गोष्ट सगळ्यांना सांगतात.

हिवाळ्यात डोंगरात जायचं तर टायरवर तीन शिखरांत बर्फाची चांदणी हवी. ती बर्फातल्या चाचणीनंतर मिळते. नुसतं ‘एम अधिक एस’ लिहिलेलं नक्षीच्या घडणीपुरतं असतं. काकांना चांदणीवाले मिळाले. खिळ्यांचे टायर मात्र त्यांनी कटाक्षाने टाळले. ओरेगनमध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च ते चालतात आणि त्या खिळ्यांनी महामार्गांवर दोन-दोन चर पाडले आहेत, बैलगाडीच्या चाकोरीसारखे. पावसात त्यांत पाणी साचतं, आणि आमच्या अरुंद गाडीचं एक चाक चरात, एक बाहेर, अशी कुतरओढ होते.

नाकाखालची स्टेपनी

जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. अमेरिकेत हा शब्द कोणाला कळत नाही. तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी कंपनीचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तिथून निघून भारतात येऊन राहिला तो राहिलाच. व्हॅनेगनमध्ये स्टेपनी पुढे, नाकाखालच्या ताटलीत पालथी पडलेली असते. वर्कशॉपमधल्या पोराने ताटली उघडली, चिखलाचा थर खाली पडला आणि टायर निघालं ते अगदी कोरं. नक्षी भरपूर.

नक्षी मोजायची इथली घरगुती रीत म्हणजे एक सेंटचं नाणं. लिंकनचं डोकं खाली करून खाचेत घालायचं. डोकं पूर्ण दिसलं तर टायर संपलं, उरली खाच इंचाच्या दोन-बत्तीसांश. क्वार्टरवरच्या वॉशिंग्टनला तसंच घातलं तर ते चार-बत्तीसांश, पावसाळी भागात तेच वापरावं. या स्टेपनीत लिंकन कपाळापर्यंत बुडाला.

काकांनी खिशातल्या फडक्याने कड पुसली आणि ‘डीओटी’ या अक्षरांच्या पुढचा आकडा वाचला: २३१. गेली पंचवीस वर्षं हा आकडा चार अंकी असतो, आठवडा आणि साल. तीन अंकी म्हणजे दोन हजार सालाच्या आधीचं टायर. तेविसावा आठवडा, सालाचा शेवटचा अंक एक. गाडीच १९८७ ची, तेव्हा १९८१ शक्य नाही.

“जून एक्याण्णव,” काका उठून उभे राहिले. “मनमोहनसिंगांचं बजेट यायच्या आधीचं टायर आहे गं हे.”

रस्त्याला एकदाही न टेकलेलं, आणि तरीही मोडीत काढायचं. हे आपल्याकडच्या मनाला फार लागतं. पण रबर नुसतं बसूनही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि उन्हाळ्यातला ताप त्याच्यातला लवचीकपणा काढून घेतो, थर एकमेकांना सोडायला लागतात. बाहेरून मात्र कोरंच दिसतं. काही मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. दहा वर्षांपुढे तर टायर बनवणारेही नको म्हणतात. थर सुटण्याचा धडा अमेरिकेने महागात घेतला आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले; कमी हवा आणि उष्णता ही त्या प्रकरणातली मोठी कारणं. त्यानंतर कायदा झाला आणि २००८ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी झाली की दिवा लागायला लागला. काकांच्या गाडीत दिवा नाही. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी हवा मोजायची कांडी असते.

चाळीस-अठ्ठेचाळीस

जुलैच्या सुरुवातीला पुन्हा खोऱ्यात निघालो. पहाटे, गाडी थंड असताना काकांनी चारी चाकांना कांडी लावली: पुढे ४०, मागे ४८ पीएसआय. दुपारी तापल्यावर हे आकडे चढतात, तेव्हा हवा काढायची नाही, हे त्यांनी मला बजावलं. नवी स्टेपनी नाकाखाली. जुनी स्टेपनी काकूंनी दुकानातून मागून घेतली होती. टायर टाकायचे दुकानवाले पैसे घेतात, आणि अंगणात झेंडूला आळं हवंच होतं.

पुलाच्या जाळीवर गाडी गुणगुणली, थोडी हलली, पण वळवळली नाही. काकांचे हात स्टेअरिंगवर नुसते ठेवलेले होते. हूड रिव्हरला थांबलो तेव्हा त्यांनी डिकीतून पान्हा काढला आणि वीसही नट एकेक करून पुन्हा आवळून बघितले. नवी चाकं बसवल्यावर पन्नास-शंभर मैलांत हे करायचंच असतं. शेजारच्या गाडीतली पोरं शिडं उतरवत होती. वारा चांगलाच होता.

परत निघालो. थोड्या वेळाने आरशात तीन डब्यांचा ट्रक दिसायला लागला. कोणी काही बोललं नाही. काकूंनी पुढच्या सीटवरून न बघता हात मागे केला आणि चिवड्याच्या डब्यावर ठेवला. ट्रक शेजारून गेला. डबा बोटभर सरकला.

“हललं का गं?” काकांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

“बोटभर,” मी म्हटलं.

“बोटभर वाऱ्याचं,” ते म्हणाले, आणि काकूंनी हात काढून घेतला.